साचा तोच, रंग निराळा : रंग बदललेल्या रोबोट-खेळण्याचे मोल कसे ठरवावे?

पैनगंगाकाठ

मंडळी, नमस्कार. एका खरेदीचा निर्णय माझ्याकडून होत नाही. प्रश्न केवळ पैशाचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठाजवळ माझे गाव आहे. गावात माझे कृषी केंद्र आहे, आणि दुकानामागच्या खोलीतील काचेच्या कपाटात गेल्या १२ वर्षांत जमवलेले २१ ‘ट्रान्सफॉर्मर्स’, म्हणजे गाडीत किंवा विमानात रूपांतर होणारे रोबोट आहेत. त्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो राखाडी-लाल स्टारस्क्रीम. व्हॉयेजर आकाराचा, साधारण ७ इंचांचा; त्याचे लढाऊ विमान होते. त्याचा प्रत्येक सांधा मला डोळे मिटूनही ठाऊक आहे. आता नागपुरातील एका संग्राहकाने त्याच साच्यातला काळा-जांभळा स्कायवॉर्प, वापरलेला पण पूर्ण, ३,२०० रुपयांना देऊ केला आहे. वडिलांना मोबाइलवर छायाचित्र दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हे त तेच हाये नं, काया रंगाचं.”

माझी अडचण त्या एका वाक्यात आली आहे. रूपांतराची कृती तीच, सांधे तेच, चेहरा तोच. मग नव्या रंगाच्या प्रतीला आपण कोणत्या कसोट्या लावाव्यात? “आवडला तर घ्या” हे उत्तर मला माहीत आहे. मला हवे आहे ते परीक्षण कसे करावे याचे उत्तर.

बाभूळबन

दोन्ही शेजारी ठेवल्यावर नजर आधी कोणाकडे जाते ते पाहावे. नव्याकडे जात असेल तर घ्यावा.

काटेकोर

माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. अशा खेळण्याच्या किमतीतला मोठा वाटा अभियांत्रिकीचा असतो. हात पंखाखाली कसा जाईल, डोके कोठे लपेल, विमान झाल्यावर पाय कसे जुळतील, हे ठरवायला रेखाटने, नमुने आणि पोलादी साचा लागतो. रंग बदललेल्या प्रतीत हे काहीच नव्याने केलेले नसते, तरी ग्राहक बहुधा तीच पूर्ण किंमत मोजतो. माझ्याकडे जागा आणि पैसा दोन्ही बेताचे आहेत. त्यामुळे मी एका साच्याचा एकच रोबोट ठेवतो आणि उरलेल्या पैशांत नवा साचा घेतो. पैनगंगाकाठ यांनीही ते ३,२०० रुपये अद्याप न हाताळलेल्या साच्यावर खर्च करावेत.

जुनापेटारा

काटेकोर दादांचा हिशेब समजतो, पण रंगबदल ही नंतर सुचलेली पळवाट आहे असे त्यातून सूचित होते, आणि ते खरे नाही. हास्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीने १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आणले तेच मुळी जपानच्या तकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतील तयार साच्यांवर. पहिल्याच वर्षी एका विमानाच्या साच्यातून तिघे निघाले : राखाडी-लाल स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा-जांभळा स्कायवॉर्प. म्हणजे आज आपण ज्याला रंगबदल म्हणतो आहोत तो स्कायवॉर्प स्टारस्क्रीमचा पाठचा भाऊ नाही. दोघे एकाच वर्षी जन्मले.

पुढच्या वर्षी, १९८५ साली, रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज आले. त्यांचे अंग तेच होते, पण पंखांची घडण बदलली होती. त्याच वर्षी दातसन मोटारीच्या साच्यातून, ज्यातून आधी पोलिसांच्या गाडीचा प्राउल आणि ब्लूस्ट्रीक निघाले होते, शर्यतीच्या रंगातला ३८ क्रमांकाचा स्मोकस्क्रीन आला. लाल साइडस्वाइपच्या लॅम्बोर्गिनीला टपावर दिव्याची पट्टी लावून पांढरा-लाल रेड अलर्ट झाला.

म्हणून पहिली कसोटी मी अशी सांगेन : नुसता रंग बदलला आहे, की रंगाबरोबर एखादा भागही? आणि दुसरी : या रंगाच्या पात्राला स्वतःचे नाव व स्वभाव आहे, की फक्त डब्यावरचे नाव बदलले आहे? स्कायवॉर्प दुसऱ्या कसोटीवर पूर्ण उतरतो.

काटेकोर

जुनापेटारा काका, माहिती मोलाची आहे. परंतु प्रथा जुनी आहे एवढ्यावरून तिच्यातून निघालेली प्रत्येक वस्तू चांगली ठरत नाही. १९८४ साली मुलाला तिन्ही विमानांचा ताफा हवा असे, त्याला तीन रंग लागत. कपाटात उभे करून ठेवणाऱ्या प्रौढ माणसाची गरज तीच आहे का, हा माझा प्रश्न कायम आहे.

बुटीबोरीकर

मी ९ वर्षे बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगवर काम केले. आमच्याकडे खेळणी नव्हती, विजेच्या सामानाचे भाग निघत. तरी साच्याचे वागणे सगळीकडे सारखेच असते, त्यामुळे त्या अंगाने लिहितो.

एका साच्यात अनेक भाग एकत्र ओतले जातात. वितळलेले प्लॅस्टिक ज्या वाटांनी त्या भागांपर्यंत जाते, त्यांना आम्ही रनर म्हणतो. झाडाच्या फांदीला शेंगा लागाव्यात तसे भाग त्या रनरला लागून बाहेर येतात. एका फटक्यात एकाच रंगाचे प्लॅस्टिकचे दाणे पडत असल्यामुळे एका रनरवरचे सगळे भाग एकाच रंगाचे निघतात. कोणता भाग कोणत्या रनरवर बसवायचा, हे पहिल्या प्रतीचा रंग डोळ्यांपुढे ठेवून ठरते. नंतर रंग बदलायचा झाला की तीच वाटणी गळ्यात पडते. नव्या पात्राचा गुडघा काळा आणि पंखाचे टोक जांभळे हवे असेल, पण दोन्ही एकाच फांदीवर असतील, तर एक चुकीच्या रंगात स्वीकारावे लागते किंवा त्यावर वरून रंग द्यावा लागतो. वरून दिलेल्या प्रत्येक रंगाला मास्क, फवारणी, सुकवणी आणि हात लागतात, म्हणजे खर्च वाढतो.

म्हणून रंग बदललेली प्रत पाहताना मी प्रथम एवढेच शोधीन : कोणता रंग प्लॅस्टिकच्या अंगचा आहे आणि कोणता वरून दिलेला? अंगचा रंग घासून जात नाही. वरून दिलेला रंग सांध्याजवळ असेल तर रूपांतराच्या प्रत्येक वेळी थोडा थोडा निघतो.

आणखी एक गोष्ट. अशा खेळण्यांत वापरले जाणारे कठीण एबीएस प्लॅस्टिक थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते, आणि रंगद्रव्य बदलले की प्लॅस्टिकचे वाहणे व आकसणे किंचित बदलू शकते. सांध्याच्या खुंटीत केसाएवढा फरक पडला तरी बोटाला कळतो. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन रंगांच्या प्रती घट्टपणात अगदी सारख्या असतीलच असे नाही. साचा फार वापरला गेला असेल तर कडा बोथट होतात आणि जोडरेषेवर बारीक पापुद्रा येऊ लागतो. पंखाच्या कडेवरून नख फिरवून पाहावे.

पैनगंगाकाठ

बुटीबोरीकर भाऊ, मनःपूर्वक आभार. मी रंग नेहमी एकसंध गोष्ट म्हणून पाहत आलो. प्लॅस्टिकचा जांभळा आणि रंगाचा जांभळा वेगळे असू शकतात हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ओट्यावरून

मी या खेळण्यांची संग्राहक नाही. माझा मुलगा आहे, त्याच्यामुळे हा धागा वाचते आहे. पण वरच्या शेवटच्या वाक्यावर मला लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण आर्वीत आमचे साड्यांचे दुकान आहे आणि जांभळ्या रंगाने आम्हाला जितके छळले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही रंगाने छळलेले नाही.

ट्यूबलाइटखाली साडी आणि ब्लाउजपीस एकच दिसतात. बाई घरी जाते, सकाळी उन्हात पाहते, तर एक निळ्याकडे झुकलेला आणि दुसरा लालीकडे. कापड वेगळे आणि त्यातला रंग बनवण्याची घटकद्रव्ये वेगळी असली की एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात फुटतात. म्हणून जुन्या जाणत्या बायका साडी पसंत करण्यापूर्वी ती ओट्यावर नेऊन पाहतात, आणि माझ्या सासूबाईंनी मला दुकानात पहिली शिकवण दिली ती हीच : गिऱ्हाईक ओट्यावर जायच्या आत आपण जाऊन यायचे.

प्लॅस्टिकमध्ये मिसळलेला जांभळा आणि त्यावर फवारलेला जांभळा ही तशीच जोडी आहे असे मला वाटते. दादांनी ते खेळणे दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नये. बाहेर आणावे, सावलीतल्या उजेडात पाहावे, मग थेट उन्हात पाहावे. दोन्ही ठिकाणी रंग जुळले तर रंगवणाऱ्याने काम मनापासून केले आहे असे समजावे.

काटेकोर

ताई, हे मी पहिल्यांदाच वाचतो आहे. माझ्या कपाटातल्या एका लाल गाडीचे दार आणि बॉनेट उन्हात वेगळे दिसतात, याचे कारण आज कळले.

उमरेडचा_बैल

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरे चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगितले. आमच्या घरचा बैल पणजोबांच्या वेळचा, सागवानी, दीड हात उंच. दरवर्षी पोळ्याआधी त्याला नवा ऑइल पेंट देण्याची रीत होती : एखाद्या वर्षी पांढरा, एखाद्या वर्षी तांबडा.

तीन वर्षांपूर्वी मी सगळे थर खरवडून काढले. खाली गळ्यातल्या घागरमाळेचा एकेक मणी कोरलेला निघाला, डोळ्याच्या वरची पापणी निघाली, कानाच्या आत बोटभर लांबीची रेघ निघाली. मी ४० वर्षांचा होईपर्यंत यातले काहीही पाहिले नव्हते, कारण थरावर थर चढून सारे कोरीव काम बुजले होते. पुढच्या चाकाचा आसही रंगाने इतका गच्च झाला होता की बैल ओढला तर चाक फिरण्याऐवजी घासत जाई.

त्यामुळे माझ्या कसोट्या दोन. पहिली, नव्या रंगाने घडणीतली रेघ झाकली की उघडी केली? दुसरी, जिथे हालचाल आहे तिथे रंगाची जाडी आड येते का? बैलाला चार चाकेच असतात. तुमच्या विमानात कितीतरी सांधे आहेत.

रंगारी_देवळी

उमरेडच्या भाऊंचे म्हणणे शंभर टक्के खरे. मी ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांचे डेंटिंग-पेंटिंग करतो. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टाखातर त्याच्या पांढऱ्या रुग्णवाहिकेच्या रोबोटला मी घरीच लाल रंग दिला. तो कोणी बनवला होता हे येथे गैरलागू आहे, कारण चूक सर्वस्वी माझी होती. पत्र्याला देतात तसा प्रायमर आणि वर दोन हात मारले. दिसायला खेळणे देखणे झाले. दुसऱ्या दिवशी मुलाने खांदा वळवला, तो रंगाने चिकटून बसला होता, आणि जोर लावताच खुंटी मुळातून तुटली. मुलगा रडला नाही, तुटलेली खुंटी मुठीत धरून बसला. ते मला अजून टोचते.

नंतर जे शिकलो ते लिहितो, म्हणजे कोणाचे खेळणे वाचेल. रंग देण्यापूर्वी खेळणे स्क्रू काढून पूर्ण उघडावे. जे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तिथे रंग देऊ नये. द्यायचाच असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढी जाडी आधी उतरवावी. प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर वेगळा मिळतो, तोच वापरावा. काही सांधे पीओएम नावाच्या गुळगुळीत, किंचित मेणचट प्लॅस्टिकचे असतात. त्यावर रंग धरतच नाही, पापुद्रा होऊन निघतो. ते भाग मूळ रंगातच राहू द्यावेत.

हे ठाऊक झाल्यापासून कारखान्यातून आलेल्या रंगबदलाकडे माझी नजर बदलली. सांधा अंगच्या रंगात ठेवून, त्याच्या बाजूला बेताचा वरचा रंग देऊन जर पात्र उभे केले असेल, तर ते काम करणारा माणूस जाणकार आहे. काटेकोर दादा म्हणतात की नव्याने काहीच केलेले नसते. माझ्या मते हेच नव्याने केलेले असते.

पळसफूल

रंग म्हणजेच ओळख, याचे सर्वांत मोठे उदाहरण कोणी दिले नाही : रंबल आणि फ्रेन्झी. लाल कोण आणि निळा कोण?

जुनापेटारा

रंबल आणि फ्रेन्झी म्हणजे कॅसेट प्लेअर होणाऱ्या साउंडवेव्ह या रोबोटच्या छातीत मावणाऱ्या, एकाच साच्याच्या दोन कॅसेट. खेळण्याच्या डब्यावर लाल तो रंबल आणि निळा तो फ्रेन्झी. त्या वेळच्या दूरचित्रवाणी मालिकेत नेमके उलटे. चाहते ४० वर्षे यावर वाद घालत आहेत आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. मी डब्याच्या बाजूचा.

यावरून मूळ प्रश्नाला उपयोगी अशी एक गोष्ट निघते. साचा एक असला की पात्राचा सारा भार रंगावर येतो. त्यामुळे जी छटा एकट्या वस्तूत खपून गेली असती, ती जुळ्यांत खपत नाही. साउंडवेव्हचाच काळा अवतार साउंडब्लास्टर १९८७ साली जपानमध्ये आला, तेव्हा छातीचे दार बदलून त्यात दोन कॅसेट मावतील अशी सोय केली होती. अंधाऱ्या खोलीतही बोटांना तो वेगळा कळतो. स्कायवॉर्पला ती सोय नाही. त्याच्याजवळ काळा आणि जांभळा एवढेच आहे. तेव्हा त्या दोन रंगांना आपण कसून तपासले पाहिजे. एरवी त्याला न्याय मिळणार नाही.

पळसफूल

मी मालिकेच्या बाजूची. पण शेवटचा परिच्छेद पूर्ण मान्य.

वरोऱ्याचे_ऊन

वापरलेली वस्तू घेणार आहात म्हणून एक सावधगिरी सांगतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तुमच्याकडेही फार वेगळे नसते. ऊन आणि उष्णता यांनी एबीएस प्लॅस्टिकमधला रबरी घटक खराब होतो आणि पांढरे व फिके भाग पिवळे पडतात. माझ्याकडच्या पांढऱ्या जेट विमानाचा खिडकीकडचा पंख तुपाच्या रंगाचा झाला, भिंतीकडचा जसाच्या तसा राहिला. हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवण्याची युक्ती अनेक जण करतात, मीही केली. पंख उजळला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिवळसर झाला.

या बाबतीत काळा रंग फायद्याचा आहे, पिवळेपणा त्यावर दिसत नाही. पण काळ्याचे स्वतःचे दोष आहेत. ताण पडलेल्या जागी उमटणारा पांढुरका व्रण काळ्यावर लगेच दिसतो. धूळ दिसते. तुमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत रुई असणारच, ती तर फारच दिसेल. खुंट्यांच्या मुळाशी आणि स्क्रूच्या भोवती पांढरे व्रण आहेत का, ते भिंग घेऊन पाहा. आणि सोनेरी चकाकीचे कण मिसळलेले जुने प्लॅस्टिक कोठेही असेल तर तो भाग वळवू नका. तसले प्लॅस्टिक काळाने भुसभुशीत होऊन चुरा होते, हे जुन्या संग्राहकांना चांगले ठाऊक आहे.

धामणगाव_रेल्वे

किमतीविषयी थोडे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्यामुळे “हा नको, पुढच्या महिन्यात नवा साचा घेऊ” हा काटेकोर दादांचा सल्ला मोठ्या शहरात जितका सोपा आहे तितका आपल्याकडे नाही. जे समोर चालून आले आहे त्याचे परीक्षण करणे हेच बहुधा आपल्या हातात असते.

नकली प्रतीही रंग बदलून येतात. पायाच्या किंवा पंखाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कंपनीचे नाव आणि स्वामित्वाचे वर्ष साच्यातच उठवलेले असते. ती जागा खरवडलेली किंवा कोरी असेल तर थांबावे. ते वर्ष साच्याचे असते हेही ध्यानात ठेवावे, म्हणजे नव्या रंगाच्या प्रतीवर जुने साल दिसले म्हणून कोणी दचकणार नाही.

बाभूळबन

पैनगंगाकाठ, झाले का नागपूरला जाणे?

पैनगंगाकाठ

मंडळी, उशिराबद्दल क्षमा असावी. बियाण्यांच्या कामासाठी नागपूरला जाणे झाले, आणि तुमचा एकेक प्रतिसाद वहीत उतरवून नेला होता. सोबत माझा स्टारस्क्रीमही रुमालात गुंडाळून नेला. विक्रेता सज्जन निघाला. त्याने दीड तास दिला आणि जिन्याखालच्या अंगणात बसू दिले.

आधी नख. पंखाच्या कडेवर जोडरेषा लागते, पापुद्रा नाही. माझ्या राखाडी प्रतीपेक्षा किंचित बोथट वाटली, पण ती जाणीव बुटीबोरीकर भाऊंनी सांगितले नसते तर मला झाली नसती. स्वामित्वाची अक्षरे आतल्या बाजूस स्वच्छ उठलेली आहेत. भिंगातून पाहता डाव्या खांद्याच्या खुंटीच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा व्रण दिसला. विक्रेत्याने तो स्वतःहून मान्य केला. त्याच्या घरच्या लहान मुलाने खांदा उलटा ओढला होता. तो खांदा उजव्यापेक्षा सैल आहे.

मग ताईंची ओट्याची परीक्षा. खोलीत ट्यूबलाइटखाली पंखावरचा पट्टा आणि गुडघा यांचा जांभळा मला एकच वाटला होता. अंगणात आणले आणि दोन्ही फुटले. गुडघा प्लॅस्टिकच्या अंगचा, निळ्याकडे झुकलेला, जवळपास पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. पंखावरचा पट्टा वरून दिलेला, लालीकडे झुकलेला, जांभळाच्या गरासारखा. सावलीत फरक थोडा, उन्हात उघड. डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे रूपांतरात हात घासून जातो, तिथे तो पट्टा गव्हाच्या दाण्याएवढा निघून खालचा काळा दिसतो आहे.

आता घडणीविषयी, कारण माझे मन तिथे बसले. राखाडी स्टारस्क्रीमच्या पंखावर पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेषा कोरल्या आहेत आणि मला त्या फार आवडतात. काळ्यावर त्या जवळजवळ नाहीशा होतात. उमरेडच्या भाऊंच्या भाषेत, रंगाने रेघ झाकली. पण खांद्यावरच्या हवा ओढणाऱ्या पेट्यांच्या कडा, ज्या राखाडीत मला कधी वेगळ्या दिसल्याच नाहीत, त्या काळ्यावर उजेडाची रेघ पकडून धारदार उभ्या राहतात. वैमानिकाच्या खोलीची नारिंगी काच काळ्या अंगात निखाऱ्यासारखी दिसते. १२ वर्षांत ज्या साच्याला मी पूर्ण ओळखतो असे समजत होतो, त्याची बाह्यरेषा मला त्या अंगणात प्रथमच दिसली. जुन्या प्रतीत मी पृष्ठभाग पाहत होतो, नव्या प्रतीत आकार दिसला.

मी घेतला. खांदा आणि निघालेला रंग दाखवून ४०० रुपये कमी करून मागितले, विक्रेत्याने ते लगेच मान्य केले.

घरी आल्यावर दोन्ही वडिलांच्या पुढ्यात ठेवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “काया वाला लहान दिसते.” मी पट्टीने मोजून दाखवले की उंची सारखीच आहे. तेव्हा म्हणाले, “बजारात बी तसंच असते. काया बैल अन् पांढरा गवळाऊ एका उंचीचे उभे केले, त काया लहानच दिसते. म्हणून काया घेतानी खांद्याले हात लावून पाहा लागते.” बैलबाजारात त्यांनी ५० वर्षे घालवली आहेत. पहिल्या दिवशी “हे त तेच हाये” म्हणणारे वडील आता दोघांना वेगळे मोजत होते.

काटेकोर

अभिनंदन. आपण ज्या बारकाईने पाहिलेत त्यानंतर माझा आक्षेप मी थोडा मागे घेतो : नव्या रंगाने जर साच्यातले न दिसलेले काही दाखवले तर ती प्रत स्वतंत्रपणे ठेवण्याजोगी आहे. परंतु हे प्रत्येक रंगबदलात घडत नाही हेही नोंदवावे. त्याच साच्याचा निळा थंडरक्रॅकर उद्या समोर आला तर आपण त्याला हीच कसोटी लावाल ना?

पैनगंगाकाठ

लावीन. निळ्याची छटा राखाडी आणि काळा यांच्या मधली असल्यामुळे त्यात पंखावरच्या रेषा आणि खांद्याच्या कडा दोन्ही दिसतील, की दोन्ही अर्धवट दिसतील, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. हातात येईपर्यंत मी हो म्हणणार नाही.

ओट्यावरून

दादा, एक विचारते. तुमचे कपाट तर ट्यूबलाइटखाली आहे. तिथे दोन्ही जांभळे जुळलेलेच दिसणार. मग उन्हातला फरक दोष म्हणून धरायचा का?

पैनगंगाकाठ

ताई, मी धरतो, कारण मला तो आता माहीत झाला आहे. मात्र कपाट हलवले आहे. उत्तरेच्या खिडकीसमोर आणले, म्हणजे थेट ऊन लागणार नाही आणि दिवसाचा उजेड मिळेल. वरोऱ्याच्या भाऊंचा सल्ला आणि तुमचा, दोन्ही एकाच जागी पाळता आले. सकाळी तिथे फरक दिसतो, आणि रोज दिसतो म्हणून तो आता त्या विमानाचा स्वभाव वाटू लागला आहे.

बुटीबोरीकर भाऊ, एक शंका उरली. गुडघा अंगच्या जांभळ्यातच का केला असेल? गुडघा काळा ठेवून फक्त पंखाचा पट्टा रंगवता आला असता.

बुटीबोरीकर

स्टारस्क्रीम हातात घ्या आणि त्यात गुडघ्याच्या रंगाचे आणखी कोणते भाग आहेत ते पाहा. मुठी, छातीच्या खालचा पट्टा, विमानाचे मागचे छोटे पंख, यांपैकी जे नेहमी गुडघ्याबरोबर रंग बदलतात ते बहुधा त्याच रनरवर असावेत. स्कायवॉर्पमध्ये मुठी जांभळ्या आहेत का?

पैनगंगाकाठ

आत्ताच कपाट उघडून पाहिले. मुठी जांभळ्या आहेत, आणि मागचे छोटे पंखही. स्टारस्क्रीममध्ये हे तिन्ही निळे आहेत.

बुटीबोरीकर

मग मुठींसाठी जांभळे दाणे ओतले आणि गुडघा त्यांच्याबरोबर आला, असा माझा अंदाज आहे. थंडरक्रॅकर कधी हातात आला तर पहिल्यांदा मुठी पाहा, आणि येथे कळवा.